मुद्दाम बिघडवलेलं चाक

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी घडतात आणि घासून चकचकीत होतात. तिथलं बफिंगचं चाक जरा जरी एका बाजूला जड झालं, तरी मोटर थरथरायला लागते, बेअरिंगची वाट लागते आणि काम थांबवावं लागतं. कारागिराला हे डोळ्यांनी बघायची गरज पडत नाही. हातातल्या भांड्यातून ते त्याच्या तळव्याला आधीच कळलेलं असतं. फिरणाऱ्या वस्तूचा तोल सांभाळणं हा यंत्रांच्या दुनियेतला पहिला धर्म आहे. गाडीचं चाक असो, छताचा पंखा असो की विमानाचं टर्बाइन असो, माणसं मोजून, घासून, बारीक वजनं चिकटवून त्याचा तोल साधत बसलेली असतात.

आता शेजारच्या मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत चला. कॉलेजातली एक मुलगी कॉम्प्युटरवर रेसिंगचा गेम खेळते आहे, हातात हजार-दीड हजारांचा गेमपॅड आहे. पडद्यावरची गाडी कठड्याला घासते आणि तिच्या मुठीत ‘घर्रर्र’ असं काहीतरी धावतं. त्या पॅडच्या मागचे स्क्रू काढून आत डोकावलं तर काय दिसेल? दोन्ही मुठींमध्ये एकेक छोटी मोटर आणि प्रत्येक मोटरच्या शाफ्टवर अर्धचंद्राच्या आकाराचा धातूचा तुकडा. पूर्ण गोल नाही, अर्धाच. कुणीतरी कारखान्यात विचारपूर्वक, पैसे मोजून, तोल बिघडवलेलं चाक तिथे बसवलं आहे! गाळ्यातला कारागीर ज्याच्यापायी वैतागतो, त्याच बिघाडासाठी ही मुलगी पॉकेटमनी साठवते.

आणि या बिघाडात केवढी ताकद असते बघा. समजा तो अर्धचंद्र २० ग्रॅमचा आहे, त्याचं वजन शाफ्टपासून ५ मिलिमीटरवर एकवटलंय आणि मोटर मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे मारते आहे. शाळेत शिकलेलं केंद्रगामी बलाचं सूत्र लावा. उत्तर येतं जवळपास १० न्यूटन. एक किलो साखरेची पिशवी हाताला जितकी ओढ देते, तितकी ओढ हा २० ग्रॅमचा तुकडा देतो. मोटरचा वेग दुप्पट केलात तर ओढ चौपट होते. अडीचशे ग्रॅमचा पॅड मोकळा सोडला तर या ओढीने तो दोन्ही बाजूंना हलतो किती? जेमतेम ०.४ मिलिमीटर. डोळ्याला धड दिसतही नाही, पण हात म्हणतो, भूकंप झाला. (हाच प्रयोग वॉशिंग मशीन फुकटात करून दाखवतं. पिळताना एकच जाड ओली चादर ड्रमच्या एका बाजूला गोळा झाली, की मशीन बाल्कनीभर फिरायला निघतं.)

पण खरी गंमत पुढे आहे. पॅडच्या खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘फोर्स फीडबॅक’ असं छापलेलं असतं, म्हणजे यंत्र तुमच्या हाताला उलट बल देणार. आता तो अर्धचंद्र पुन्हा नजरेसमोर आणा. या क्षणी तो डावीकडे ओढतो आहे. एक शतांश सेकंद थांबा, तो तितक्याच जोरात उजवीकडे ओढतो आहे. जमाखर्च शून्य! तुमचा हात कुठल्याही एका दिशेला ढकलला गेलेलाच नाही. तरीही गेम खेळणारा शपथेवर सांगेल की गाडी डावीकडून आदळली, बंदुकीने खांद्याकडे धक्का दिला, जमीन पायाखालून सरकली.

मग ढकललं कुणी?

उत्तराकडे जाण्याआधी, खरोखर ढकलणारी यंत्रं कशी असतात ते पाहून घेऊ. त्यांचा जन्म खेळासाठी झालाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ या अभियंत्यापुढे एक पेच होता. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआड ठेवायचे, माणसाने अलीकडे उभं राहायचं आणि पलीकडच्या यांत्रिक हाताने काचेची नाजूक भांडी हाताळायची. डोळ्यांना जाड काचेतून दिसतं, पण पकड किती घट्ट झाली हे हाताला कळत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोर्ट्झने दोन्ही हात असे जोडले की पलीकडच्या चिमट्याला झालेला विरोध अलीकडच्या मुठीत जाणवावा. १९५४ पर्यंत मधल्या तारा आणि कप्प्या जाऊन विजेच्या मोटरी आल्या. आता स्पर्श तारेतून वाहू लागला होता! असे जोड-हात आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही आहेत. ज्या महानगराच्या एका टोकाला मीरा-भाईंदर आहे, त्याच्याच दुसऱ्या टोकाला गेमपॅडचा हा थोरला, गंभीर चेहऱ्याचा नातेवाईक कामाला आहे.

दुसरा नातेवाईक आकाशात आहे. प्रवासी विमान फार हळू उडू लागलं आणि पंखांची उचल सुटायची वेळ आली, की बऱ्याच विमानांत वैमानिकाच्या पुढचा दांडा जोरजोरात थरथरतो. दिवे आणि भोंगे दुर्लक्षिले जाऊ शकतात, पण मुठीतली थरथर कोण नाकारणार? आणि ही थरथर निर्माण कशी करतात? दांड्याला बांधलेल्या मोटरवर तोल बिघडवलेलं वजन फिरवून. अगदी आपल्या पॅडमधलीच युक्ती, फक्त इथे पणाला शेकडो जीव असतात.

करमणुकीच्या दुनियेत ही युक्ती १९७६ मध्ये आली. सेगाच्या ‘मोटो-क्रॉस’ या नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रात मोटरसायकल धडकली की हँडल थरथरायचं. घरातल्या कंट्रोलरपर्यंत पोचायला मात्र आणखी वीस वर्षं लागली आणि मग सगळं एकाच वर्षात घडलं. १९९७ मध्ये निन्टेंडोने ‘स्टार फॉक्स ६४’ बरोबर ‘रंबल पॅक’ नावाचा ठोकळा विकायला काढला. त्याला स्वतःच्या दोन पेन्सिल सेलची गरज लागायची. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीने जपानमध्ये ‘ड्युअलशॉक’ आणला. त्यात दोन मोटरी होत्या, एक मोठी आणि एक लहान. मायक्रोसॉफ्टचा ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ हा टेबलावर ठेवायचा जॉयस्टिकही त्याच वर्षीचा, आणि तो खरोखर ढकलायचा! विमानाच्या गेममध्ये दांडा ओढायला सुरुवात केली की तो उलटा ओढायचा.

मग ढकलणारे मागे पडले आणि थरथरणारे जिंकले, असं का? कारण न्यूटन. ढकलायचं असेल तर यंत्राला स्वतःला कशाला तरी टेकून उभं राहावं लागतं. टेबलावरचा जॉयस्टिक टेबलाला टेकतो, स्टिअरिंग व्हील टेबलाच्या कडेला आवळून बसवतात. हवेत धरलेला गेमपॅड कशाला टेकणार? तो सतत एकाच बाजूला ढकलत राहूच शकत नाही, फक्त थरथरू शकतो. बाकीचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. तो दुसरा कुणीतरी पॅड धरून बसलेला आहे.

चला तर मग कातडीच्या आत.

१८३१ मध्ये इटलीत पिस्तोइया गावात फिलिप्पो पाचिनी नावाचा एकोणीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी मृतदेहाच्या हाताचं विच्छेदन करत होता. मज्जातंतूंना लगडलेले बारीक, पांढुरके दाणे त्याच्या नजरेस पडले. (हाच पाचिनी पुढे १८५४ मध्ये कॉलऱ्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार होता आणि जग त्याच्याकडे तेव्हा दुर्लक्ष करणार होतं. काही माणसांना दोनदा काळाच्या पुढे जाण्याची हौस असते.) त्या दाण्याचा आडवा छेद घेतला तर आत कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे दिसतात, आणि मधोमध मज्जातंतूचं एक उघडं टोक.

हे पापुद्रे कशासाठी? इथे थोडं थांबायला हवं, कारण ही रचना कुठल्याही कारखान्याने हेवा करावा अशी आहे. पापुद्र्यांच्या मध्ये पातळ द्रव असतो. तुम्ही पॅड नुसता घट्ट धरलात तर दाब येतो, पण द्रव हळूच सरकतो, पापुद्रे जुळवून घेतात आणि मधल्या तंतूपर्यंत काहीच पोचत नाही. दाब झटकन बदलला तर मात्र द्रवाला सरकायला वेळच मिळत नाही, धक्का थेट आत जातो. म्हणजे हा दाणा स्थिर गोष्टींना बहिरा असतो आणि बदलांना कमालीचा तिखट कानाचा. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपास तर तो इतका हुशार होतो की मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल त्याला कळते. आपल्या पॅडची ०.४ मिलिमीटरची थरथर त्याच्यासाठी म्हणजे खरोखरच भूकंप!

त्याच्यापेक्षा वर, कातडीच्या पृष्ठभागालगत, माइस्नरचे दाणे असतात. त्यांना संथ फडफड आवडते, सेकंदाला साधारण दहा ते पन्नास वेळची. आता पॅडकडे पुन्हा बघा. डाव्या मुठीत मोठं, जड वजन, ते सावकाश फिरतं. उजवीकडे हलकं वजन, ते भरभर फिरतं. स्फोट, दरड, रणगाडा डावीकडे. खडीवरचे टायर, तलवारीची खणखण उजवीकडे. दोन मोटरी, दोन जातींचे दाणे. पॅड बनवणाऱ्यांनी शरीरशास्त्राची पुस्तकं उघडून ही जोडी जमवली की करून-करून बघत ते इथवर पोचले, कोण जाणे. पण जमली आहे झकास.

तरीही प्रश्न उरतोच. दाण्यांना फक्त थरथर कळते. मग आपल्याला कठडा, खडी, तलवार का जाणवते?

कारण थरथरीचा अर्थ लावणं हा आपला जन्मभराचा धंदा आहे. विरारकडून येणाऱ्या लोकलमध्ये डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला विचारा. नायगाव सुटलं आणि गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढली की पायाखालची थरथर बदलते आणि तो डोळे न उघडताच दाराकडे सरकायला लागतो. भाईंदर आलं. उत्तनच्या कोळ्याच्या हाताशी दोरी असते, पण त्याला दोरी जाणवत नाही. दोरीच्या पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते जाणवतं. स्पर्श बोटाला झाला, पण मेंदू तो वस्तूच्या टोकापाशी नेऊन ठेवतो.

हे नेऊन ठेवणं किती टोकाला जातं याचे प्रयोग वाचताना मी दर वेळी थक्क होतो. गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने (कानाच्या संशोधनासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं) कातडीवर दोन ठिकाणी दोन कंपक ठेवले. माणसाला दोन कंपनं जाणवली का? नाही! एकच जाणवलं, आणि तेही दोन्हींच्या मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. एकाचा जोर वाढवला, दुसऱ्याचा कमी केला, की ते भुताटकीचं कंपन कातडीवरून सरकत जातं. १९७२ मध्ये गेल्डार्ड आणि शेरिक यांनी हातावर मनगटापाशी भराभर काही टिचक्या दिल्या आणि मग कोपराकडे काही. माणसांना वाटलं, मधल्या सगळ्या जागेतून टुणटुण उड्या मारत एक ससा गेला.

आणि २०१० मध्ये जपानी संशोधकांनी यावर कळस चढवला. दोन्ही हातांच्या तर्जन्यांवर एक काठी आडवी ठेवली आणि बोटांना टिचक्या दिल्या. लोकांनी सांगितलं, ससा काठीवरून उड्या मारत गेला. काठीवरून! जिथे ना कातडी, ना दाणे, ना मज्जातंतू. दोन हातांच्या मध्ये धरलेली एक निर्जीव वस्तू, आणि मेंदू तिच्यात बेधडक स्पर्श पेरतो.

दोन हातांच्या मध्ये धरलेली वस्तू. गेमपॅड म्हणजे तरी दुसरं काय असतं?

डाव्या मोटरचा जोर हळूहळू कमी, उजवीचा वाढता, एवढं केलं की हेलिकॉप्टर तुमच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडे जातं. त्याच क्षणी डोळ्यांनी हेलिकॉप्टर पाहिलेलं असतं, कानांनी ऐकलेलं असतं. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर मेंदू चौथा प्रश्न विचारत नाही. म्हणून खेळताना आवाज बंद करा आणि पडद्याकडे पाठ करून बसलेल्या कुणाच्या तरी हाती पॅड द्या. तोच कठडा, तेच हेलिकॉप्टर, सगळं एका क्षणात नुसतं मोबाइलचं व्हायब्रेशन होऊन जातं.

थरथरीतून खरोखर ओढ निर्माण करणाराही एक प्रयोग आहे, आणि तो मला सगळ्यात लबाड वाटतो. जपानच्या एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत तोमोहिरो आमेमिया यांनी असं यंत्र बनवलं की आतलं वजन एका दिशेला झटकन जातं आणि परत येताना सावकाश येतं. जमाखर्च इथेही शून्यच. पण झटका कातडीला कळतो आणि सावकाश परतणं कळत नाही. म्हणजे हिशेबाच्या वहीतली एकच बाजू वाचली जाते. परिणाम? हातातली डबी कुणीतरी सतत एका बाजूला ओढतंय असं वाटतं. न्यूटनचा नियम मोडलेला नाही, फसवलंय ते फक्त आपल्या दाण्यांना.

आता कॉम्प्युटरच्या बाजूने बघू, कारण तिथलं आश्चर्य वेगळ्या जातीचं आहे. १९९७ च्या डायरेक्टएक्स ५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम लिहिणाऱ्यांना बलाची अख्खी भाषाच दिली होती. स्थिर बल, वाढतं बल, लाटेसारखं बल, स्प्रिंगसारखा विरोध, घर्षण, जडपणा. ही भाषा खरोखर ढकलणाऱ्या जॉयस्टिकसाठी होती. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्या पॅडसाठी आलेल्या नव्या पद्धतीत, एक्सइनपुटमध्ये, शब्दकोश आक्रसून फक्त दोन आकड्यांवर आला. डाव्या मोटरसाठी ० ते ६५,५३५ मधला एक आकडा, उजवीसाठी दुसरा. झालं! ज्वालामुखी, घोड्याच्या टापा, घाबरलेल्या नायकाचं हृदय, सगळं काही या दोन आकड्यांत बसवायचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये कॉम्प्युटरवर आणि इतर वेगवेगळ्या गेमिंग यंत्रांवर निघाला. अशा प्रत्येक यंत्राच्या कंट्रोलरमधली मोटर निराळी. एकच तलवार सगळ्यांच्या तळव्यात कशी खणकवायची, हे डोकं लढवण्याचं काम आहे.

या दोन पद्धतींच्या भाऊबंदकीचा फटका आजही लॅमिंग्टन रोडवरून पॅड घेऊन ग्रँट रोडहून लोकलने घरी आलेल्या पोराला बसतो. पॅड जोडला, बटणं चालतात, गाडी पळते, व्हायब्रेशन मात्र ढिम्म. मोटर बिघडलेली नसते. बऱ्याच स्वस्त पॅडना दोन मोड असतात, आणि पॅड जुन्या मोडमध्ये असेल तर नवा गेम त्याच्याशी थरथरीचं बोलतच नाही. मधलं होमचं बटण काही सेकंद दाबून धरलं की अनेक पॅडवर दिवे बदलतात, विंडोजला तोच पॅड एकदम एक्सबॉक्सचा वाटायला लागतो आणि मूठ जिवंत होते. जुन्या गेमसाठी उलटं करावं लागतं, शिवाय पॅडसोबत आलेला ड्रायव्हरही टाकावा लागतो. बिनतारी पॅडची बॅटरी उतरत आली की काही पॅड आधी व्हायब्रेशन बंद करतात, कारण तोल बिघडलेलं चाक फिरवणं हे पॅडमधलं सगळ्यात खादाड काम आहे.

आणखी एक सूचना, आणि ही माझी आवड म्हणून सांगतो. गेमच्या सेटिंगमध्ये व्हायब्रेशन शंभर टक्क्यांवर ठेवू नका. पाचिनीचा दाणा आठवा, त्याला बदल कळतो. सतत घरघर चालू राहिली की हात बधिर होतो आणि मग खरा स्फोटही फिका पडतो. उत्तम गेम बनवणारे पॅडला बराच वेळ गप्प ठेवतात. शिवाय मोटरला वेग घ्यायला सेकंदाचे काही शतांश लागतात. धक्का त्याच क्षणी जाणवावा म्हणून काही ठिकाणी आधी क्षणभर पूर्ण वीज देतात, मग कमी करतात आणि थांबवताना उलटी वीज देऊन ब्रेक मारतात. एका गोळीच्या धक्क्यामागे एवढा खटाटोप!

स्टिअरिंग व्हीलची गोष्ट वेगळी. लॉजिटेकच्या जी२९ सारखं व्हील साध्या पॅडच्या कितीतरी पट महाग असतं, पण ते खरोखर ढकलतं, आणि त्यातून जे कळतं ते अजब आहे. पावसात घोडबंदर रस्त्याने गायमुख घाट उतरताना वळणावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायला बघतं ना? टायर जमिनीला टेकतो त्या पट्ट्यात बाजूचं बल मध्यापेक्षा थोडं मागे लागतं, म्हणून चाकाला सरळ होण्याची ओढ असते. टायर घसरायच्या बेतात आला की ते बल पुढे सरकतं आणि ओढ कमी होते. म्हणजे पकड सुटण्याच्या आधी स्टिअरिंग हलकं लागतं! चांगल्या रेसिंग गेममध्ये हे सगळं गणित अक्षरशः दर क्षणी होतं आणि व्हीलच्या मोटरला कळवलं जातं. गेमपॅडला हे जमत नाही. म्हणून २०१३ च्या एक्सबॉक्स वनच्या पॅडमध्ये ट्रिगरपाशी आणखी दोन चिमुकल्या मोटरी बसवल्या. ब्रेक लॉक झाला की डावं बोट थरथरतं, मागची चाकं जागेवर फिरली की उजवं.

दर क्षणी म्हणजे किती वेळा? सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं पुरतात आणि डोळा खूश असतो. हाताला कठीण भिंत खरी वाटायची असेल, तर बल सेकंदाला सुमारे १,००० वेळा मोजून पाठवावं लागतं, नाहीतर भिंत गुरगुरायला लागते. डोळ्यांपेक्षा हात कितीतरी कडक परीक्षक निघाला! एवढी माहिती इंटरनेटवरून दूरच्या यंत्राकडे धाडायची तर कोंडी होणारच. मीरा रोडहून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटी मुंबईत सुभासिस चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या या प्रश्नावर काम केलं आहे. किल्ली एकोणिसाव्या शतकातल्या वेबर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नियमात आहे. आपल्याला फरक कळतो तो टक्केवारीत. हलक्या बलात जरा बदल झाला तरी जाणवतो, जड बलात तेवढाच बदल झाला तर पत्ताही लागत नाही. मग जो फरक हाताला कळणारच नाही तो पाठवायचा कशाला? तो गाळून टाका. याच हिशेबाने पॅडच्या त्या ६५,५३६ पायऱ्यांपैकी हाताला वेगळ्या म्हणून कळतात त्या थोड्याच.

मधल्या काळात हा बिघडवलेला तोल कोर्टातही जाऊन आला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इमर्शन या अमेरिकी कंपनीने पेटंटवरून २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये २.६ कोटी डॉलर देऊन पाय काढून घेतला. सोनी लढली, २००४ मध्ये हरली, आणि २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशनच नव्हतं! २००७ मध्ये समेट झाला आणि त्याच वर्षी थरथर परत आली.

पण फिरणाऱ्या अर्धचंद्राची एक जन्मजात मर्यादा आहे. जोरात थरथरायचं तर त्याला वेगातच फिरावं लागतं. संथ आणि जोरदार, किंवा वेगवान आणि हळुवार, असं त्याला जमत नाही. म्हणून २०१७ मध्ये निन्टेंडो स्विचने चाक काढून टाकलं. त्याच्या जागी वीजचुंबकाने पुढेमागे सरकणारं वजन आलं. ‘१-२-स्विच’ या गेममध्ये कंट्रोलर हलवायचा आणि आत किती गोट्या आहेत ते ओळखायचं. माणसं बरोबर ओळखतात. आत एकही गोटी नसते.

२०२० चा सोनीचा ड्युअलसेन्स यापुढे गेला. त्याच्या ट्रिगरमागे मोटर, गिअर आणि एक तरफ आहे, ती बोटाला खरोखर अडवते. धनुष्याची दोरी ताणताना ट्रिगर जड होतो. ड्युअलशॉकनंतर तेवीस वर्षांनी मुठीतल्या पॅडला बोटापुरतं का होईना, ढकलता आलं. न्यूटनची अडचणही सुटली, कारण इथे पॅड टेकतो तो त्याच हाताच्या तळव्याला. मुठींमधल्या कंपकांची रचना तर लाउडस्पीकरसारखी आहे, चुंबक आणि वेटोळं. यूएसबी केबलने तो कॉम्प्युटरला जोडला की विंडोजला त्यात चार चॅनेलचं साउंड कार्ड दिसतं. पहिले दोन चॅनेल कानांसाठी, उरलेले दोन तळहातांसाठी! गेम बनवणारा आता थरथर आकड्यांत लिहीत नाही, तो ती ध्वनीसारखी मुद्रित करतो. खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज गाळून थेट तळव्यांना ऐकवता येतो. ब्लूटूथवर मात्र कॉम्प्युटरवरच्या बहुतेक गेमना हे साधत नाही, तिथे पॅड पुन्हा जुन्या दोन आकड्यांच्या नकलेवर येतो. म्हणून महागडा पॅड घेऊन केबल कपाटात टाकणाऱ्यांची मला कीव येते.

तुमच्याकडे असा पॅड आणि केबल असेल तर साउंडच्या सेटिंगमध्ये चार स्पीकरची मांडणी निवडा आणि मागच्या दोन चॅनेलवर तबल्याची एखादी फीत लावा. कातडीची ऐकण्याची मर्यादा सेकंदाला हजारेक कंपनांवर संपते, कानाची तरुणपणी वीस हजारांपर्यंत जाते. त्यामुळे चाटीवरच्या ‘ना’चा झंकार बराचसा वाटेतच गळून पडेल. डग्ग्याचा घुमारा मात्र अख्खाच्या अख्खा हातात येईल.